ढेकूण नेमका आहे कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घरात उंदीर झाले तर आपण शेजाऱ्याकडून पिंजरा मागून आणतो. मुंग्या झाल्या, झुरळे झाली, तर कोणते औषध चांगले, याची जिन्यात उभे राहून चर्चा करतो. पण घरात ढेकूण झाले, की आवाज खाली येतो. गाद्या उन्हात घालायच्या तर त्याही शेजारी कामावर गेल्यावर. पाहुण्यांना 'या महिन्यात जरा अडचण आहे' असे कळवले जाते. मी बरीच वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. त्यामुळे ओळखीची माणसे काड्यापेटीत किडा घालून माझ्याकडे येतात, पेटी हळूच सरकवतात आणि दबक्या आवाजात विचारतात, ''सर, हे तेच आहे का हो?'' कित्येकदा ते 'ते' नसतेच. झुरळाचे पिल्लू असते, कधी जुन्या पुस्तकातला किडा असतो. पण तोवर घरात दोन वेळा फवारणी झालेली असते, आणि ढेकूण कोणी आणला यावरून वादही.

आजचा माझा मुद्दा एवढाच आहे. 'ढेकूण कोणी आणला?' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'ढेकूण नेमका आहे कुठे आणि आहेत किती?' हा प्रश्न हाती घ्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कधीच मिळत नाही. दुसऱ्याचे मिळते, आणि त्यासाठी लागते ती एक बॅटरी, एक वही आणि थोडी चिकाटी.

आधी या प्राण्याची नीट ओळख करून घेऊ. मोठा ढेकूण चार ते सात मिलिमीटर लांब असतो, म्हणजे साधारण सफरचंदाच्या बीएवढा. रंग तांबूस तपकिरी, अंग चपटे, पंख नाहीत. रक्त प्यायल्यावर तो फुगून लांबट होतो. त्याची अंडी मिलिमीटरभर लांब, मोत्यासारखी पांढरी, आणि फटीत डिंकाने चिकटवल्यासारखी घट्ट बसलेली असतात. उबदार हवेत आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत, त्यातून पिल्ले निघतात. नुकतेच निघालेले पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचे आणि गवताच्या काडीच्या रंगाचे असते. पांढऱ्या चादरीवर ते जवळजवळ दिसत नाही. रक्त प्यायले, की लाल ठिपक्यासारखे दिसू लागते. मोठे होईपर्यंत ढेकूण पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी त्याआधी त्याला रक्ताचे एक जेवण लागते. आपल्याकडच्या हवेत आणि रोजचे जेवण हाताशी असताना अंड्यापासून प्रौढ ढेकूण व्हायला पाच-सहा आठवडे पुरतात.

जगात माणसाला छळणाऱ्या ढेकणांच्या दोन मुख्य जाती आहेत. थंड देशांत आढळते ती सायमेक्स लेक्ट्युलॅरियस आणि आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात प्रामुख्याने आढळते ती सायमेक्स हेमिप्टेरस. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. पण त्यांच्यातला एक फरक फार महत्त्वाचा आहे, त्याकडे मी पुढे येईन.

आता मुख्य गोष्ट. ढेकूण रक्त प्यायला पाच-दहा मिनिटे घेतो आणि एकदा पोट भरले, की बरेच दिवस बाहेर पडत नाही. म्हणजे कोणत्याही रात्री घरातले बहुतेक ढेकूण अंथरुणात नसतात, तर फटीत दडून बसलेले असतात. आपण मात्र त्यांना शोधतो ते चादरीवर आणि फवारा मारतो तो खोलीच्या मधोमध. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार.

बहुतेकांची दुसरी चूक म्हणजे अंगावरच्या गांधींवरून निदान करणे. हातावर ओळीने तीन गांधी उठल्या म्हणजे ढेकूणच, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. यात तथ्य फार थोडे आहे. ढेकणाच्या चाव्याची प्रतिक्रिया माणसामाणसात वेगळी असते. कोणाला लगेच मोठ्या गांधी येतात, कोणाला काही दिवसांनी येतात, आणि कितीतरी माणसांना काहीच होत नाही. शिवाय डास, पिसवा, खरूज, एखादी अॅलर्जी, यांच्या खुणाही तशाच दिसू शकतात. नुसती त्वचा पाहून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. गांधी उठल्या, तर तो संशय समजावा. पुरावा घरात शोधावा.

याचे एक उदाहरण देतो. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात सुनेच्या अंगावर रोज सकाळी गांधी उठत. नवरा-बायकोच्या खोलीत दोनदा फवारणी झाली, गादी नवी आली. मग घरात काम करणाऱ्या मावशींवर संशय गेला. त्या वस्तीतून येतात, त्यांच्या पिशवीतूनच आले असणार, असे ठरले आणि त्यांना काम सोडायला सांगण्यात आले. गांधी थांबल्या नाहीत. शेवटी आम्ही बॅटरी घेऊन सगळे घर पाहिले, तेव्हा ढेकणांची मोठी वस्ती सापडली ती आजोबांच्या पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे, स्क्रूच्या भोकांत. आजोबा म्हणत, ''मला कुठे काय चावते?'' ते खरेच बोलत होते. त्यांच्या अंगावर खूण उठत नव्हती, एवढेच. सून दुपारी मुलाला घेऊन त्याच पलंगावर लवंडत असे. त्या फळीमागे अंडी होती, काती होत्या, लहानमोठे सगळ्या वयांचे ढेकूण होते. ते तिथे पहिल्यांदा कशातून आले, प्रवासाच्या बॅगेतून, पाहुण्यांच्या वळकटीतून की भिंतीपलीकडच्या घरातून, हे कोणालाही सांगता येणार नव्हते. मावशींना परत बोलावण्याइतके ते कुटुंब समंजस होते. पण मधल्या दोन महिन्यांचा त्यांचा पगार बुडाला तो बुडालाच.

म्हणून पुरावा पाहायचा. तो चार प्रकारचा असतो. पहिला, जिवंत ढेकूण. दुसरा, त्यांच्या काती. या फिकट पिवळसर, पोकळ आणि ढेकणाच्याच आकाराच्या असतात. तिसरा, अंडी आणि अंड्यांची रिकामी टरफले. आणि चौथा, सर्वांत लवकर दिसणारा, म्हणजे काळे ठिपके. ही ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. कापडावर ती शाईच्या पेनाने टिंब द्यावे तशी पसरते. ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसली, तर बोळ्याला तांबूस-काळपट डाग लागतो. झुरळाची विष्ठा कोरड्या दाण्यांसारखी असते आणि झटकली की पडते. हा साधा फरक लक्षात ठेवला, तर निम्मी भीती तिथल्या तिथे जाते. ढेकूण पुष्कळ झाले, की खोलीला एक गोडसर, उग्र वास येऊ लागतो. काहींना तो कोथिंबिरीसारखा वाटतो. पण वास येईपर्यंत थांबू नये. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता शोधायचे कसे, ते क्रमाने सांगतो. हवे असल्यास लिहून घ्या.

साहित्य: चांगल्या उजेडाची बॅटरी, एखादे जुने एटीएम कार्ड, स्क्रूड्रायव्हर, कापसाचे बोळे, पारदर्शक चिकटपट्टी, तोंड बंद करता येणाऱ्या दोन-तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वही.

सुरुवात झोपण्याच्या जागेपासून करा. आधी चादर आणि उशीचे अभ्रे पाहा, काढून थेट पिशवीत घाला, झटकू नका. मग गादीच्या चारही कडांची शिवण बोटांनी उलगडत, कार्ड सरकवत जा. कापसाच्या गादीला मधे मधे जे टाके असतात, त्यांच्या खळग्यात पाहा. गादी उभी करून खालची बाजू पाहा. त्यानंतर पलंग. बॉक्सचा पलंग असेल, तर प्लायवूडच्या कडा, खणांच्या पट्ट्या, बिजागऱ्या, स्क्रूची भोके, डोक्याकडची फळी आणि तिची भिंतीकडची बाजू तपासा. लोखंडी खाट असेल, तर नळ्यांची उघडी तोंडे. नवारीची किंवा सुंभाची बाज असेल, तर प्रत्येक गाठ. मच्छरदाणीचे वरचे चार कोपरे बहुतेक जण विसरतात. तिथे कापडाच्या चुण्यांत ढेकणांना अगदी बिनभाड्याचे घर मिळते.

पलंग झाल्यावर त्याच्या सभोवती दोनेक मीटरपर्यंत सरका. सोफ्याची आणि वेताच्या खुर्चीची सांधेजोड, पडद्यांच्या वरच्या चुण्या, भिंतीवरची कॅलेंडरे आणि तसबिरी, स्विचबोर्डची चौकट, फरशीलगतची स्कर्टिंगची पट्टी, भिंतीतल्या जुन्या खिळ्यांची भोके. स्विचबोर्ड बाहेरून पाहा. उघडायचा असेल तर मेन स्विच बंद करून जाणत्या माणसाकडून उघडून घ्या. खोल फटीत केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा हळुवार सोडली, तर आत दडलेला ढेकूण बाहेर येतो. सापडलेला प्रत्येक नमुना चिकटपट्टीवर घ्या आणि वहीत चिकटवून शेजारी तारीख आणि जागा लिहा. ठेचू नका. ठेचलेला किडा ओळखता येत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर घराचा साधा नकाशा काढा. पलंग, सोफा, दारे, भिंती. जिथे काही सापडले तिथे खूण करा. पलंगाभोवती दाट खुणा आणि बाकी घर रिकामे असेल, तर प्रश्न अजून आटोक्यात आहे. खुणा दोन खोल्यांत असतील, तर दोन्हीकडे उपाय करायचा आहे. एकाच भिंतीच्या कडेने खुणा चालल्या असतील, तर त्या भिंतीपलीकडच्या घराशी बोलायची वेळ आली आहे. फवारणीवाला आला, की त्याच्या हातात हा नकाशा द्या. चांगला माणूस तो पाहून खूश होईल. जो न पाहता फवारा सुरू करील, त्याला नमस्कार करावा.

शोध एका दिवसाचा असतो. त्यानंतरची पाळत अधिक महत्त्वाची. ढेकूण थोडे असताना एकदा पाहून सापडतीलच असे नाही. पाळतीसाठी स्वस्तातला उपाय म्हणजे खोक्याचा पुठ्ठा, आत नागमोडी कागद असलेला. त्याचे तळहाताएवढे तुकडे कापून पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूला, गादीखाली आणि फळीमागे ठेवा. ढेकणाला अरुंद, कोरडी, खडबडीत फट आवडते. तो त्या नळ्यांत जाऊन बसतो. दर रविवारी तुकडे पिशवीत घेऊन उघडून पाहा, मोजा, नोंद करा आणि नवे ठेवा. जुने पिशवीसकट बंद करून टाकून द्या. मात्र ते ठेवून विसरू नका, नाही तर आपणच ढेकणांना घर बांधून दिल्यासारखे होईल.

पलंगाच्या पायांखाली वाट्या ठेवण्याची आपली जुनी पद्धत आहे. तिचाच नवा अवतार म्हणजे परदेशांत मिळणारे गुळगुळीत भिंतींचे प्लॅस्टिकचे सापळे. पलंगाकडे निघालेला ढेकूण वाटीत पडतो आणि त्याला वर चढता येत नाही, अशी ती कल्पना. थंड देशांतल्या ढेकणासाठी ते उपयोगी ठरले आहेत. इथे दोन जातींतला तो फरक आडवा येतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की आपल्याकडचा सायमेक्स हेमिप्टेरस गुळगुळीत भिंतही चढून जातो. त्याच्या पायांवरच्या केसाळ गादीत केस जास्त असतात, म्हणून त्याची पकड चांगली. तेव्हा असे सापळे जरूर वापरा, पण वाटी रिकामी आहे म्हणजे घरात ढेकूण नाहीत, असा निष्कर्ष आपल्या देशात काढू नका. वाटीत रॉकेल ओतण्याचे मात्र कोणी मनातही आणू नये. पलंगाखाली रॉकेल म्हणजे आगीला आमंत्रण. वाट्या असोत वा नसोत, पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि चादर किंवा मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नका.

सापळ्यांवरून आठवले. बाल्कन देशांत पूर्वी रात्री पलंगाभोवती राजम्याच्या जातीच्या घेवड्याची पाने पसरून ठेवत आणि सकाळी पानांसकट अडकलेले ढेकूण जाळून टाकत. लोकांना ही आजीबाईची गोष्ट वाटे. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की पानावरचे बारीक आकडे ढेकणाच्या पायात रुततात आणि त्याला जागचे हलू देत नाहीत. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठातले गेरहार्ड आणि रेजिन ग्रीस हे दांपत्य तर याहून पुढे गेले. ढेकणांना एकत्र बोलावणारा गंध कोणता, याचा शोध ते घेत होते. प्रयोगासाठी ढेकूण पोसायला हवेत, म्हणून रेजिनबाईंनी काही वर्षांत स्वतःच्या हातावर सुमारे १ लाख ८० हजार चावे घेतले. त्यातून कळले, की ढेकणांच्या कातींत हिस्टामिन असते आणि त्या ठिकाणी पोहोचलेला ढेकूण तिथेच ठिय्या देतो. जुन्या कातींची जागा नीट साफ करणे का महत्त्वाचे, ते यावरून लक्षात यावे.

पण एवढी उस्तवार करण्यापेक्षा जालीम औषध मारून मोकळे का होऊ नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने ढेकूण इतके कमी केले, की पुष्कळ देशांत एक अख्खी पिढी ढेकूण न पाहता वाढली. पण १९४७ च्या सुमारासच हवाई बेटांवर पर्ल हार्बरच्या नौदलाच्या बराकीत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. आपल्याकडे १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघर भिंतींवर डीडीटी फवारले गेले. पुढे ढेकूण मरेनासे झाले, तेव्हा या फवाऱ्याने उलट ढेकूण वाढतात असे म्हणत अनेक ठिकाणी लोक फवारणीला नको म्हणू लागले. नुकसान झाले ते हिवतापविरोधी मोहिमेचे. आज घरगुती फवाऱ्यांत बहुधा जी कीटकनाशके असतात, त्या पायरेथ्रॉइड गटालाही ढेकूण मोठ्या प्रमाणात सरावले आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर ढेकूण पुन्हा वाढले, त्यामागे प्रवासाबरोबर हेही एक मोठे कारण आहे. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये सिनेमागृहे आणि रेल्वेगाड्यांतल्या ढेकणांवरून केवढा गदारोळ उठला, ते आपण वाचले असेल. चाळीत असोत की पॅरिसच्या हॉटेलात, ढेकणाला फक्त झोपलेले माणूस हवे असते. घर स्वच्छ आहे की नाही, याची तो चौकशी करीत नाही. अडगळ जास्त असेल, तर त्याला लपायला जागा मिळते आणि आपल्याला शोधायला वेळ लागतो, एवढेच.

न शोधता मारलेल्या फवाऱ्याचा आणखी एक तोटा आहे. त्याने ढेकूण मरण्याऐवजी पांगतात, एका खोलीचे तीन खोल्यांत जातात. आणि एक गोष्ट तर मी हात जोडून सांगतो. धान्याच्या कोठारांसाठी असलेल्या विषारी वायूच्या गोळ्या काही जण गादीखाली किंवा बंद खोलीत ठेवतात. दमट हवेत त्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. तो फटींतून, नळाच्या मार्गांतून शेजारच्या घरात जातो. यातून माणसे, विशेषतः लहान मुले, दगावल्याच्या बातम्या आपल्या देशातून आणि आखाती देशांतून आलेल्या आहेत. ढेकणाने रोग पसरवल्याचा खात्रीलायक पुरावा आजवर मिळालेला नाही. तो झोप उडवतो, खाज आणतो, मनस्ताप देतो, हे सारे खरे. पण त्याने जीव घेतल्याचे फारसे ऐकिवात नाही. त्याला मारण्याच्या घाईने मात्र जीव गेले आहेत.

मग सापडल्यावर करावे काय? ढेकणाचा खरा शत्रू उष्णता. साठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतलेल्या कपड्यांत ढेकूण वा अंडे टिकत नाही. लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी, लाकडाच्या फटीत वाफ, शिवणीवर सावकाश फिरवलेली गरम इस्त्री, हे सगळे उपयोगी आहे; अर्थात गादीचे कापड पाहून. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फटींतून फिरवा आणि आतला कचरा लगेच पिशवीत बंद करा. नुसती गादी उन्हात घालून काम भागत नाही. वरची बाजू तापते आणि ढेकूण खालच्या गार बाजूला सरकतात. गादीला चेनची पूर्ण बंद खोळ घातली, तर आतले आत अडकतात आणि बाहेरच्यांना शिवणीचा आसरा उरत नाही. पलंगातल्या फटी बुजवा. प्रादुर्भाव जास्त असेल, तर परवानाधारक माणसाकडून फवारणी करून घ्या, पण एकाच फेरीवर थांबू नका. फवाऱ्याने अंडी बहुधा वाचतात. म्हणून दहा ते चौदा दिवसांनी दुसरी फेरी हवीच, गरज वाटल्यास तिसरीही.

या काळात झोपण्याची जागा बदलू नका. आपण दुसऱ्या खोलीत गेलो, की भुकेले ढेकूण आपल्या मागून तिथे येतात आणि वहीतला नकाशा मोडतो. रिकामी खोली काही दिवस बंद ठेवून ते उपाशी मरतील, या भरवशावरही राहू नका. अन्नाशिवाय ते आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेही तग धरतात. गादी टाकून द्यायचीच असेल, तर जिन्यातून उघडी ओढत नेऊ नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि खाली ठेवण्याआधी तिचे कापड फाडून त्यावर 'ढेकूण आहेत' असे मोठ्या अक्षरांत लिहा. नाही तर कोणी गरजू माणूस ती उचलून घरी नेईल आणि आपले संकट त्याच्या मुलांच्या अंथरुणात जाईल.

प्रवासाहून आल्यावरची पाळतही याच हिशेबात धरावी. बाहेरगावी खोलीत शिरल्यावर बॅग आधी न्हाणीघरात ठेवा, गादीची डोक्याकडची शिवण आणि मागची फळी पाहा, मग सामान सोडा. घरी आल्यावर बॅग पलंगावर ठेवू नका. कपडे थेट धुवायला टाका. वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींनी सुट्टीला घरी येताना आणि परत जाताना एवढे केले, तरी पुष्कळ झाले. जुने लाकडी सामान विकत घेताना त्याचे खण उलटे करून पाहायला दुकानदाराची हरकत नसावी. असेल तर ते सामान घेऊ नये.

सोसायट्यांच्या आणि चाळींच्या समित्यांना माझी एक सूचना आहे. भिंतीतल्या तारांच्या नळ्यांना आणि पाण्याच्या पाइपांना घराचे क्रमांक ठाऊक नसतात. एका घरात ढेकूण झाले, तर डावी-उजवीकडची, वरची आणि खालची, अशी चार घरे त्याच आठवड्यात बॅटरी घेऊन पाहायला हवीत. हे तेव्हाच शक्य आहे, जेव्हा पहिले घर न लाजता सांगेल आणि त्याला दंड किंवा टोमणे मिळणार नाहीत याची खात्री असेल. नोटीस लावायची तर तीत घराचा क्रमांक नको, कोणाचे नाव नको. 'इमारतीत ढेकूण आढळले आहेत, सर्वांनी रविवारी आपापल्या गाद्या तपासाव्यात', एवढे पुरे. घरकामाला येणाऱ्या बाया, पेपरवाले, भाडेकरू, यांच्याकडे बोट दाखवून एकही ढेकूण आजवर कमी झालेला नाही. उलट ज्याच्यावर बोट येईल या भीतीने माणूस गप्प बसतो, त्याच्या घरात ते महिनोन्महिने वाढतात आणि मग सगळ्या इमारतीला पुरतात.

शेवटी, संपले असे कधी म्हणायचे? चावणे थांबले म्हणजे संपले, असे नाही, हे आपण पाहिलेच. शेवटचा ढेकूण, शेवटची कात किंवा नवा ठिपका ज्या दिवशी सापडला, त्या तारखेखाली वहीत रेघ मारा. तिथून पुढे आठ आठवडे दर रविवारी पुठ्ठे आणि शिवणी पाहा. वाचलेले एखादे अंडे असेल, तर एवढ्या काळात ते फुटून, वाढून कुठेतरी खूण ठेवीलच. आठही रविवारी वहीत 'काही नाही' असे लिहिता आले, तर घर मोकळे झाले असे समजायला हरकत नाही. नवव्या आठवड्यात पाहुण्यांना खुशाल बोलवा, आणि ती वही फेकू नका. शेजारच्या घराला ती लागेल.